बंदूक, दोस्ती आणि पंचेचाळीस दिवस

मावळात व्यवहार आधी होतो आणि कागद मागून येतो. म्हैस विकली की दावे हातात दिले, झाले. स्कूटर दोस्ताला दिली तर तिचे पुस्तक वर्षभर जुन्याच मालकाच्या नावावर फिरत राहते. भाताची खाचरे अर्धेलीने देणे-घेणे तर पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालले आहे. आम्ही याला नावे ठेवत नाही. जिथे माणसे एकमेकांच्या दुःखात खांदा द्यायला येतात, तिथे जबानीची किंमत स्टॅम्पपेपरपेक्षा जास्त असते. पण घरात एखादी वस्तू अशीही असते, की तिच्यात आधी कागद आणि मग वस्तू. ती वस्तू म्हणजे बंदूक.

वाचक म्हणतील, कायद्याच्या सदरात हा विषय कुठून आला? आपल्या घरांत बंदुका असतात तरी किती? थोड्याच असतात. पण लोणावळा, कामशेत, पवन मावळ आणि आंदर मावळ या पट्ट्यात जुन्या परवान्याच्या बारा बोर दुनळी बंदुका अजून काही घरांच्या कपाटांत आहेत. कोणाच्या वडिलांनी रानडुकरांपासून भात आणि भुईमूग राखण्यासाठी घेतलेली, कोणाच्या आजोबांना बंगल्याच्या राखणदारीसाठी मिळालेली. घेणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे किंवा अल्लाहला प्यारी झाली आहे. मुले पुण्यात नोकरीला. त्यांना बंदूक नको आहे. मग कोणी जुना दोस्त म्हणतो, ‘मला दे, आपसात बघू.’ इथून अडचण सुरू होते. शाळेत उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, तसे या कामासाठीही आमच्याकडे आले. गेल्या काही महिन्यांत दोन घरांचे कागद आम्ही वाचले. दोन्हींचा प्रश्न वरून एक दिसतो, कायद्यात मात्र तो वेगवेगळा आहे.

पहिले घर कामशेतच्या बाजूचे. मालक हयात, वय सत्तरीपुढचे, एका डोळ्याने दिसत नाही. परवाना चालू आहे. बंदूक घ्यायला तयार असलेला दोस्त तळेगावचा, लहानपणापासूनचा. दोघांचे ठरलेही होते, रक्कमही ठरली होती. प्रश्न एवढाच होता, की येत्या जुम्म्याला बंदूक नेली तर चालेल का?

चालणार नाही. यासाठी कायदा १९५९ चा आहे, शस्त्र अधिनियम, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदूक मिळवणे, बाळगणे, घेऊन फिरणे गुन्हा आहे. पाचवे कलम विक्रीचे. बंदुकांचा धंदा करायचा तर विक्रेत्याचा वेगळा परवाना लागतो. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात सामान्य माणसासाठी एक वाट मोकळी ठेवलेली आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक, ती बाळगण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या माणसाला, दुकानदाराचा परवाना नसतानाही विकता येते. म्हणजे दोस्ताला बंदूक विकणे हा मुळात गुन्हा नाही. पुष्कळांना हेच ठाऊक नसते. एक तर ते घाबरून गप्प बसतात, नाहीतर बिनधास्त देऊन टाकतात.

या वाटेवर दोन अटी आहेत. पहिली, विकणाऱ्याने आपला इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचा. घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता त्यात द्यायचा. दुसरी, असे कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी बंदूक हातातून सुटता कामा नये.

हे ४५ दिवस सरकारने चौकशीसाठी ठेवलेले आहेत. घेणाऱ्यावर खटला आहे का, शिक्षा झाली आहे का, त्याच्यापासून कोणाला धोका आहे का, हे पाहायला तेवढा वेळ लागतोच. आम्हाला ही तरतूद जाचक वाटत नाही. चाळीस वर्षांची दोस्ती असली तरी दोस्ताच्या घरातली भांडणे आपल्याला कुठे ठाऊक असतात?

आता कळवायचे कोणाला? इथे मावळची एक खास गंमत आहे. तालुका एक, पण पोलीस दोन. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. तळेगाव दाभाडे मात्र १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे गेले. जिथे पोलीस आयुक्त नेमलेले असतात, तिथे या कायद्यापुरते तेच जिल्हा दंडाधिकारी समजले जातात. म्हणून कामशेतच्या चाचांचा परवाना पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत आणि त्यांच्या दोस्ताचा परवाना आयुक्तांच्या. दोघांची घरे रेल्वेने काही मिनिटांच्या अंतरावर, पण दप्तरे दोन. विकणाऱ्याने आपल्या हद्दीत कळवायचे, घेणाऱ्याने आपल्या परवान्यावर बंदुकीची नोंद आपल्या हद्दीत करून घ्यायची. वडगावच्या तहसील कचेरीत अर्ज टाकून आला आणि काम झाले असे समजून बसला, असा माणूस सहा महिने वाट पाहतो.

कायदा जिल्हा दंडाधिकारी ‘किंवा’ पोलीस ठाणे असे म्हणतो. आमचा सल्ला दोन्हीकडे देण्याचा. अर्जाच्या जादा प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. ४५ दिवस मोजायचे ते या शिक्क्यापासून. पोच नसेल तर तुम्ही कळवले होते हे कोण मानणार? अर्जात काय लिहावे तेही सांगून ठेवतो: विकणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि राष्ट्रीय नोंदीतला विशिष्ट ओळख क्रमांक, बंदुकीचा प्रकार, बोर, बनावट आणि नळीवरचा नंबर, काडतुसे देणार असाल तर त्यांची मोजून संख्या, घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि त्याचा परवाना क्रमांक. भाषा साधी मराठी. ‘आपला इरादा कळवीत आहे’ एवढे वाक्य पुरते, विनंतीचे अर्धे पान लागत नाही.

पंचेचाळीस दिवस उलटले आणि कचेरीकडून अक्षरही आले नाही, तर? कलमाच्या शब्दांत लेखी परवानगीची अट नाही, मुदत जाऊ देण्याची आहे. तरीही आम्ही कामशेतच्या चाचांना सांगितले, की दोस्ताच्या परवान्यावर या बंदुकीची नोंद झालेली स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय देऊ नका. घेणाऱ्याला बाळगण्याचा हक्क आहे याची खातरजमा न करता हत्यार हाती देणे हा कायद्यात देणाऱ्याचा वेगळा गुन्हा आहे. ‘त्याने सांगितले, परवाना आहे’ हे उत्तर तिथे टिकत नाही.

घेणाऱ्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. आणि पूर्वी एका परवान्यावर तीन बंदुका ठेवता येत, ती मर्यादा डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली आहे. तळेगावच्या दोस्ताकडे आधीच दोन असत्या तर विषय तिथेच संपला असता. त्याच्याकडे एकच होती. शिवाय घेणारा एखाद्या अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ही आड येतो. तिथे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय बंदुकीचा नवा परवाना मिळत नाही. मुळशी तालुक्यात ताम्हिणी अभयारण्य आहे, त्या अंगाला ज्यांचे सगेसोयरे आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पीक राखायची बंदूक आहे म्हणून रानडुक्कर मारता येते, असाही एक समज गावोगाव आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

शिक्षेचे सांगायचे तर २०१९ च्या दुरुस्तीने ती फार कडक केली. परवान्याशिवाय बंदूक जवळ सापडली तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद, शिवाय दंड. आणि पाचव्या कलमाचा भंग करून विकली किंवा दुसऱ्याच्या हवाली केली तर किमान सात वर्षे, वाढत जाऊन जन्मठेप. म्हणजे घाईत दिलेल्या बंदुकीची जबाबदारी घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक पडते. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढणाऱ्यांसाठीही त्याच दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे नवे कलम आले आहे.

काही जण म्हणतात, विकत नाही हो, पैसे घेतच नाही, हिबा करतो. कायद्याचा शब्द ‘विक्री किंवा हस्तांतर’ असा आहे. बक्षीस हेही हस्तांतरच. शरीअतच्या दृष्टीने पाहिले तरी हिबा पुरा व्हायला ईजाब, कबूल आणि कब्जा तिन्ही लागतात. तोंडी हिबा घराचा होतो, दागिन्याचा होतो. बंदुकीचा कब्जा परवान्याशिवाय देताच येत नाही, मग हिबा पुरा होणार कसा? हीच गोष्ट ‘अमानत म्हणून ठेव’ याची. हजला निघालो आहे, दोन महिने तुझ्या कपाटात ठेव, असे म्हणून शेजाऱ्याकडे ठेवलेली बंदूक शेजाऱ्याच्या अंगाशी येते. उसन्या पैशांच्या बदल्यात गहाण ठेवलेलीही तशीच. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या माणसाला बंदूक नेता येते, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्या वापरासाठी. तळेगावला पोचवून येण्यासाठी नाही.

दोस्तासाठी हत्याराच्या भानगडीत पडलेल्यांचे काय होते, हे महाराष्ट्राने एका मोठ्या खटल्यात पाहिले आहे. अभिनेते संजय दत्त यांच्याकडे परवान्याची हत्यारे होती. त्यांना शिक्षा झाली ती १९९३ मध्ये विनापरवाना जवळ ठेवलेल्या हत्यारांबद्दल. दहशतवादाच्या आरोपातून ते सुटले, पण शस्त्र कायद्यातून सुटले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दोष कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी ते आपल्या पुण्याच्या येरवडा कारागृहातून बाहेर आले. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांच्या लक्षात आहे ते असे, की त्यांच्या सांगण्यावरून ती बंदूक घरातून हलवून तिची विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्या ओळखीच्या माणसांनाही शिक्षा झाली. नटाच्या सुटकेच्या दिवशी कॅमेऱ्यांची गर्दी होती. त्या माणसांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत.

आपल्या वस्तीत ही गोष्ट आणखी एका कारणाने जपून करावी लागते. कागदात एक नोंद राहिली तर दुसऱ्या कोणाला कचेरीतून पत्र येईल. आपल्या घरात बिननोंदीची बंदूक सापडली तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा कसा असेल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. हे बरोबर आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मुलीचे लग्न ठरत असलेल्या घराने तो मथळा पत्करण्यापेक्षा ४५ दिवस थांबलेले बरे.

आता दुसरे घर. लोणावळ्याचे, आणि जास्त अवघड. इथे परवानाधारक मरहूम झाले. मागे बेवा, दोन मुले, एक मुलगी. इद्दतचे चार महिने दहा दिवस संपले आणि कपाट उघडले तेव्हा कपड्यांच्या मागे बंदूक आणि काडतुसांची पेटी. मरहूमचे दोस्त आले. माणूस नेक, परवाना असलेला. म्हणाले, ‘भाभी, ही मला द्या. बाजारभावाने पैसे देतो. घरात मुले आहेत, धोका नको.’ नियत साफ होती. पण वर सांगितलेली दोस्ताला विकण्याची वाट या बहिणीसाठी थेट उघडी नाही. ती वाट स्वतःच्या परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्याची आहे. परवाना मरहूमचा होता. त्यांच्यामागे तो बायकोच्या नावावर आपोआप येत नाही, मुलाच्याही नाही. घर वारशाने मिळते, रिक्षा मिळते, परवाना मिळत नाही.

मग तिने करायचे काय? पाहुण्यांचे सल्ले तिला आधीच मिळाले होते. एकाने सांगितले, माळ्यावर टाका, कोण विचारतो. दुसऱ्याने सांगितले, विहिरीत टाकून द्या. आम्ही वर्गात इतिहासही थोडाफार सांगतो, म्हणून हे ऐकून हसू आले. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी कोंडी केली तेव्हा कंपनीच्या फौजेने आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या आणि रातोरात पाय काढला. पुढे वडगावला शरण जाऊन तह करावा लागला. तोफांचा हिशेब तेव्हा कोणी मागितला नाही. बंदुकीचा नंबर मात्र सरकारी नोंदवहीत असतो आणि तिचा हिशेब मागायला कोणीतरी येतेच. विहिरीत टाकली, हे उत्तर खरे असले तरी कोणाला पटणार नाही.

वाट आहे ती एकविसाव्या कलमात. कोणत्याही कारणाने हत्यार बाळगणे कायदेशीर राहिले नाही, की विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचे. ‘जमा’ या शब्दाने आपल्याकडे लोक दचकतात. जमा म्हणजे जप्त नव्हे. जमा केल्यावर सविस्तर पावती घ्यावी: नंबर, बोर, काडतुसे, बंदुकीची अवस्था, सगळे. मालकी कुटुंबाचीच राहते. मरहूमच्या कायदेशीर वारसांना नियमात दिलेल्या मुदतीच्या आत दोन हक्क आहेत. त्यांच्यापैकी कोणी स्वतः परवाना मिळवला तर बंदूक परत घेता येते. नाहीतर तिथे जमा असतानाच, ती बाळगण्याचा हक्क असलेल्या माणसाला विकून पैसे घेता येतात. मरहूमचे दोस्त बंदूक घेऊ शकतात ते असे, पोलीस ठाण्यातून, घरच्या कपाटातून नव्हे. मुदत संपेपर्यंत काहीच केले नाही तर मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंदूक सरकारजमा होते आणि पैसेही जातात. पुष्कळ घरे इथेच मार खातात. पावती कुराण शरीफच्या कपाटात जपून ठेवतात आणि मुदतीची तारीख कोणी लिहून ठेवत नाही.

ठाण्यात जमा करायला जाताना एक खबरदारी. बाईमाणसाने किंवा मुलाने बंदूक पिशवीत घालून लोणावळ्याच्या बाजारातून नेऊ नये. आधी ठाण्यात मृत्यूच्या दाखल्यासह लेखी कळवावे आणि त्यांच्या माणसाने येऊन पंचासमक्ष घेऊन जावे अशी विनंती करावी. या बहिणीने तसे केले. हवालदार आले, काडतुसे दोनदा मोजली, पावती दिली. शेजारपाजार बघायला जमला, त्याला इलाज नव्हता.

मुलाला बंदूक ठेवायचीच असती तर? शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांसाठी वेगळा नियम आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतो. आणि परवानाधारक हयात असतानाही, त्याने सत्तरी गाठली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या पसंतीच्या वारसाचे नाव सुचवू शकतो. पोलिसांची चौकशी वारसालाही चुकत नाही. ज्यांच्या घरी म्हातारे वडील आणि जुनी बंदूक दोन्ही आहेत त्यांनी हा निर्णय वडिलांच्या हयातीत घ्यावा, हे आमचे आग्रहाचे सांगणे. कामशेतच्या चाचांनी हेच केले. मुलाला विचारले, तो नको म्हणाला, तेव्हाच दोस्ताचे नाव पुढे आले.

राहिले पैशांचे. लोणावळ्याच्या घरात थोरला मुलगा म्हणत होता, कचेरीच्या खेपा मी घातल्या, रक्कम माझी. तसे नाही. बंदूक मरहूमची होती, म्हणून तिची किंमत तरक्यात येते. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, आणि दिलेला नसेल तर बायकोचा महर हेही कर्जच. मग वसीयत असेल तर तिच्या मर्यादेत. उरेल ते वारसांचे. समजा, सगळे भागवून या विक्रीचे ४०,००० रुपये उरले आणि मरहूमचे आईवडील हयात नाहीत. बेवेचा आठवा हिस्सा, ५,००० रुपये. राहिलेल्या ३५,००० चे पाच भाग: दोन्ही मुलांना १४-१४ हजार, मुलीला सात हजार. थोरल्याच्या रिक्षाभाड्याचे आणि झेरॉक्सचे पैसे वाटणीआधी बाजूला काढले तर कोणाची हरकत असू नये, ते आम्ही त्या घरात बोललोही. मुलगी सासरी खोपोलीला असते. तिचे सात हजार बँकेतून पाठवा, आणि विक्रीच्या अर्जाला जोडायच्या वारसांच्या संमतीपत्रावर तिचीही सही घ्या, असे सांगितले. सहीसाठी ती पुढच्या रविवारी येणार आहे.